चहाच्या खोलीतला फळा

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्याचा रंग पोपडे धरून निघाला आहे, मधोमध एक उभी चीर गेली आहे आणि खडू ठेवायची माझी पट्टी एका बाजूला कलली आहे. तेव्हा मी जुना फळा आहे, हे वेगळं सांगायला नको. परळमधल्या एका संस्थेच्या गणित विभागात, चहाच्या खोलीत मी टांगलेला आहे. समोर एक लांब टेबल, त्यावर साखरेचा डबा, खिडकीबाहेर जांभळाचं झाड आणि त्याच्यामागे रोज थोड्या थोड्या वाढणाऱ्या इमारती. एवढंच माझं जग. लवकरच माझ्या जागी एक मोठा पडदा येणार आहे, असं कानावर आलं आहे. म्हणून म्हटलं, जे सांगायचं ते आता सांगून टाकावं.

माझं लाकूड सागाचं आहे, बरं का. शिवडीच्या एका वखारीत माझ्या फळ्या कितीतरी वर्षं धूळ खात पडल्या होत्या. लालबागच्या एका सुताराने त्या उचलल्या, रंधा मारला, एकमेकींना जोडल्या आणि वर काळ्या रंगाचे हात दिले. एक वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. त्याची बायको हसून म्हणाली होती, "अहो, नवरीला पण इतकं नटवत नाहीत कुणी." माणसाने आपल्यावर मन लावून काम केलं की ते अंगात राहतं. आजही माझ्यावर खडू फिरला की आवाज मऊ येतो, तो त्या सुताराच्या हाताचा गुण आहे.

सुरुवातीला मी मोठ्या वर्गात होतो. मान होता, पण मला तिथे फारसं करमलं नाही. शिक्षक दरवर्षी तेच लिहायचे, मुलं तेच उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की दोघंही मोकळे. पुढे वरखाली सरकणारे नवे फळे आले आणि माझी रवानगी चहाच्या खोलीत झाली. मला वाटलं, झालं, लागलो अडगळीला. दोन-तीन महिने मी रुसूनच होतो. पण मित्रांनो, माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं.

लोकांना वाटतं, गणिती माणसं दार लावून आपापल्या खोलीत काम करतात. तिथे ती बहुतेक वेळ भिंतीकडे बघत बसलेली असतात. खरं काम चहाच्या वेळी होतं. चार वाजता राधाबाई किटली घेऊन आल्या की सगळी मंडळी जमतात. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा होतात आणि मग कुणीतरी कपावरून माझ्याकडे बघत म्हणतं, "माझं एक अडलंय." हे म्हणायला या खोलीत कुणालाच लाज वाटत नाही. मोठमोठी पांढऱ्या केसांची माणसं लहान मुलासारखी येऊन माझ्यासमोर अडून उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

या मंडळींचे दोन रिवाज मला फार आवडायचे. पहिला असा की, ज्या मजकुराभोवती चौकट काढून 'पुसू नका' लिहिलेलं असेल, त्याला कुणी हात लावायचा नाही, अगदी विभागप्रमुखांनीही. राधाबाई मूळच्या मालवणच्या. हातात ओलं फडकं घेऊन त्या रोज विचारायच्या, "ह्यां पुसू की ऱ्हवांदे?" दुसरा रिवाज नावांचा. दोघांनी किंवा तिघांनी मिळून काही शोधलं, तर शोधनिबंधावर नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायची. कुणी किती केलं, याचं मोजमाप नाही. नावाजलेला प्राध्यापक असो की काल आलेली विद्यार्थिनी, ज्याचं अक्षर आधी त्याचं नाव आधी. किती सरळ मनाचा रिवाज, असं मला वाटायचं. याच रिवाजाने पुढे एका मुलीची वाट अडवली. तिचीच ही गोष्ट आहे, आणि तिच्या मॅडमची.

मॅडम म्हणजे मीनाक्षी केंकरे. राहायला गिरगावात, ठाकूरद्वारपाशी. सुती साडी आणि पदरावर कायम खडूची भुकटी. विद्यार्थी तोंडाने काही समजावून सांगायला लागला की त्या म्हणायच्या, "बोलू नकोस, लिही." त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं जगभर पसरली होती. पण स्वतःच्या कामाबद्दल त्या हसत म्हणायच्या, "माझं गणित म्हणजे घासूनपुसून मांडलेली भांडी. लखलखीत आहेत सगळी, पण पाहुण्यांना मुद्दाम दाखवावं असं एकही नाही." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. सगळे निघून गेल्यावर त्या एकट्या माझ्यासमोर किती वेळ उभ्या राहायच्या, ते मी पाहिलेलं होतं. आयुष्यात एकदा तरी एखादी मोठी, सुंदर गोष्ट आपल्याला सापडावी, ही ओढ त्यांना होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

त्यांचा आवडता प्रश्न होता ठिपक्यांचा. माझ्यावर ठिपके काढायचे, काही ठिपके रेषांनी जोडायचे आणि मग ठिपक्यांना रंग द्यायचे. रेषेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग चालायचा नाही. एका खास प्रकारच्या जाळ्याला चार रंग नेहमी पुरतात का, असा तो प्रश्न होता. कितीही जाळी काढा, चार रंग पुरायचे. पण पुरतात आणि पुरतातच यांत गणिती माणसांना फार मोठा फरक दिसतो. पुरतातच याची सिद्धता मॅडमना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

अशात प्रिती तांबे आली. डिलाईल रोडच्या चाळीतली मुलगी. आजोबा गिरणीत होते, वडील लहानपणीच गेले, आई सुंदराबाईंनी शिवणकाम करून तिला आणि धाकट्या सम्यकला वाढवलं. पीएच.डी.साठी आली तेव्हा पहिले कितीतरी महिने ती दारापाशी उभी राहून चहा प्यायची आणि कप ठेवून निघून जायची. एके दिवशी मॅडमनी माझ्यावर काढलेल्या जाळ्याकडे ती फार वेळ बघत राहिली.

"काय झालं गं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. तो कोपरा बघत होते. तिथे तुम्ही लाल दिलाय, पण मला वाटतं..."

"बोलू नकोस, लिही."

तिने खडू घेतला. त्या कोपऱ्याचे रंग तिने असे बदलले की मॅडमच्या मांडणीतलं अर्धं पान कमी झालं. त्या दिवसापासून ती दारापाशी उभी राहिली नाही.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. रोज माझ्या अंगावर लाल, पिवळे, निळे, हिरवे ठिपके पडायचे. दोघी भांडायच्या, हसायच्या, चहा थंड करायच्या. "खरं असेल ना गं हे?" असं मॅडम दर आठवड्याला विचारायच्या आणि प्रिती म्हणायची, "असणार मॅडम. नाहीतर आपण कशाला मरतोय?" दोघींनी मिळून त्या प्रश्नाचे बाजूबाजूचे तुकडे सोडवले. तीन निबंध निघाले आणि तिन्हींवर केंकरे आधी, तांबे नंतर. मुख्य प्रश्न मात्र तसाच राहिला.

प्रितीच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सुंदराबाई इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, ही तर रांगोळीच हाय. याच्यासाठी एवढी वर्षं लागली व्हय?" सगळी खोली हसली. मग त्यांनी लेकीचा हात धरून हळूच विचारलं, "आता तरी घरी ऱ्हाशील ना?" प्रितीने साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

घरी राहता येणार नव्हतं. या माणसांचं आयुष्य विचित्र असतं. इतकं शिकून झाल्यावरही कायमची जागा मिळेपर्यंत वर्षा-दोन वर्षांच्या नेमणुकांवर देशोदेशी हिंडावं लागतं. प्रिती आधी जर्मनीला गेली, मग हंगेरीला. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवी खोली, आणि पोहोचल्या दिवसापासून पुढच्या जागेसाठी अर्ज. तिला मुंबईत यायचं होतं. निदान देशात तरी. सुंदराबाईंच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, त्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, आणि लेकीने ते घर फोनवर पाहिलं.

शेवटी आपल्याच राज्यातल्या एका विद्यापीठातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत झाल्यावर ती थेट इथे आली. मॅडम तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. प्रितीने राधाबाईंनी दिलेला कप नुसता हातात धरून ठेवला.

"त्यांनी विचारलं, तुमच्या महत्त्वाच्या सगळ्या निबंधांत तुमचं नाव शेवटी कसं?" ती म्हणाली. "मी म्हटलं, आमच्यात अक्षरक्रमाने लावतात. एक सर म्हणाले, हो का, आणि काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे मुख्य काम केंकरे मॅडमचं, तुम्ही मदतीला."

"समितीत गणिताचं कुणी नव्हतं?"

"एक होते. ते गप्प बसले."

मॅडमनी पदरावरची भुकटी झटकली. मग म्हणाल्या, "माझं आडनाव झेंडे असायला हवं होतं बघ." प्रिती हसली आणि हसता हसता रडायला लागली. राधाबाईंनी तिच्या हातातून कप काढून घेतला.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. परत जाताना प्रिती म्हणाली, "मॅडम, ही नेमणूक संपली की बास. सम्यक सांगतोय, त्याच्या विमा कंपनीत माझ्यासारखी माणसं लागतात. आई तरी खूश होईल." मॅडमनी मान डोलावली. पण ती गेल्यावर त्यांनी माझ्यावर एक लहानसं जाळं काढलं आणि रंग न देता तसंच ठेवलं.

निवृत्त झाल्यावरही मॅडम दर बुधवारी बसने यायच्या. दुपारची खोली रिकामी असायची. त्या साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवायच्या आणि प्रितीशी बोलायच्या. "खरं असेल ना गं हे?" हा प्रश्न आता लांबून विचारला जायचा. फोन संपला की त्या माझ्यापुढे उभ्या राहायच्या. त्यांचं वय झालं होतं, खांदा दुखायचा, वरच्या भागापर्यंत हात पोहोचायचा नाही. मी मनातल्या मनात थोडा खाली सरकायचो. फळ्याच्या हातात दुसरं काय असतं?

आणि दिवाळीनंतरच्या एका बुधवारी ते घडलं. मॅडम नेहमीसारख्या एकेक ठिपका काढून रंग देत होत्या. मध्येच थांबल्या. मग त्यांनी उलट सुरुवात केली. पूर्ण रंगवलेलं जाळं घेतलं आणि त्यातला एकेक ठिपका पुसत गेल्या. खडू भराभर चालायला लागला. माझ्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ओळींमागून ओळी आल्या आणि शेवटच्या ओळीखाली त्यांनी सिद्धता पुरी झाल्याची छोटी चौकोनी खूण केली. मग खुर्ची ओढून त्या बसल्या. सगळं पहिल्यापासून वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा मी इतका तरुण कधी पाहिला नव्हता. मित्रांनो, जन्मभर जिची वाट पाहिली ती गोष्ट त्यांना मिळाली होती, आणि ती माझ्या अंगावर होती. अभिमानाने माझी चीरसुद्धा बुजल्यासारखी मला वाटली.

त्यांनी सगळ्याभोवती चौकट काढली. 'पुसू नका' लिहिलं. फोन हातात घेतला, प्रितीचं नाव शोधलं, आणि बोट तसंच ठेवून बसून राहिल्या.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. प्रितीला सांगितलं तर ती आनंदाने उडी मारेल. पण जे आपण शोधलं नाही त्यावर ती एकटीचं नाव कधीच घालणार नाही. मग एक तर हे केंकरेंचं होणार, नाहीतर पुन्हा केंकरे आणि तांबे, आणि पुन्हा कुणीतरी म्हणणार, तुम्ही मदतीला. प्रितीला स्वतःचं, एकटीचं, मोठं काम हवं होतं. आणि तिच्या अर्ध्या आयुष्याचे कष्ट ज्यात गेले, तो प्रश्न हाच होता.

राधाबाई फडकं घेऊन आल्या. "मॅडम, ह्यां पुसू की ऱ्हवांदे? चौकट दिसता."

"द्या ते इकडे," मॅडम म्हणाल्या. "मीच पुसते."

"इतक्या सगळां लिवलास, आणि पुसतास?"

"हे तिला सापडू दे, राधाबाई. तिने हे सोडलं नाही तर सापडेल तिला. तोवर माझं तोंड बंद."

आणि त्यांनी पुसलं. आधी चौकट, मग एकेक ओळ, वरपासून खालपर्यंत. कागदावर काहीही उतरवून घेतलं नाही. माझ्यावरून आजवर किती पुसलं गेलं त्याची गणती नाही, पण असं दुखलं कधीच नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. राधाबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मॅडमनी न सांगता दोनदा चहा आणून दिला.

मग सुरू झालं वाट पाहणं. मॅडम बुधवारी यायच्या, प्रितीशी बोलायच्या, आणि मला धाकधूक व्हायची. एकदा चहाच्या वेळी बाहेरगावचे एक पाहुणे सहज बोलून गेले की, या ठिपक्यांच्या प्रश्नावर ब्राझीलमधली दोन माणसं फार पुढे गेली आहेत. मॅडमच्या कपातला चहा बशीत सांडला. दुसऱ्या कुणी आधी छापलं असतं, तर मॅडमचंही गेलं असतं आणि प्रितीचंही. तरीही त्या बोलल्या नाहीत.

सगळ्यात वाईट बुधवार उन्हाळ्यातला. फोनवर प्रितीचा आवाज अगदी बसका होता. "मॅडम, मी सोडते आता. मला वाटतं, हे खोटंच आहे. आणि खरं असलं तरी माझ्याने होणार नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आधी जेव. मग एक जाळं काढ. लहानसं, आठ-दहा ठिपक्यांचं. त्याला रंग दे आणि झोप. काय झालं ते मला सांगू नकोस."

"त्याने काय होणार मॅडम?"

"काही नाही. पण मी पुढच्या बुधवारी इथेच असणार आहे. तू फोन कर."

फोन बंद झाल्यावर त्या टेबलावर डोकं टेकून बसल्या. त्यांना फार एकटं वाटत होतं. मी समोर होतो, पण माझा काय उपयोग?

पुढच्या बुधवारी फोन आला, त्याच्या पुढच्याही आला. प्रिती लहान लहान जाळी काढत होती. मग एका बुधवारी फोन आलाच नाही. मॅडम चार वाजेपर्यंत डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघत बसल्या, आणि राधाबाई किटली घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या मागे खांद्याला पिशवी लावलेली प्रिती उभी होती.

"मॅडम, फोनवर नव्हतं सांगायचं," ती म्हणाली.

तिने खडू घेतला. ती उलट्या बाजूने गेली नाही. तिने जाळं मधूनच कापलं, दोन तुकडे वेगवेगळे रंगवले आणि मग ते पुन्हा असे शिवले की शिवण कुठे आहे ते दिसेना. मॅडमच्या सिद्धतेशी तिचं काही नातं नव्हतं. ती सर्वस्वी प्रितीची होती. मॅडम एकेका ओळीला "हं" म्हणत होत्या. एका ठिकाणी त्यांनी अडवलं, "हे का?" प्रितीने तिथे चार ओळी वाढवल्या. शेवटची चौकोनी खूण झाल्यावर मॅडम उठल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. दोघींच्या कपड्यांना माझी भुकटी लागली.

"दोघींचं नाव लावूया," प्रिती म्हणाली. "प्रश्न तुमचा आहे."

"प्रश्न जगाचा असतो. यातली एक ओळ माझी असली तर दाखव."

प्रितीने सगळा फळा डोळ्यांखालून घातला. एकही ओळ तशी नव्हती.

निबंध छापून आला, वर एकच नाव. दोन मुलाखती झाल्या आणि पुढच्या वर्षी तिला आसामातल्या एका विद्यापीठात कायमची जागा मिळाली. मुंबईत नाहीच. सुंदराबाई म्हणाल्या, "निदान आपल्याकडं दुपार असंल तवा तिकडं बी दुपारच असंल." चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांना त्यांनी पेढे वाटले आणि मग टॉवरच्या खिडकीत बराच वेळ बसून राहिल्या, असं प्रितीच सांगत होती. माणसाला जे हवं असतं ते मिळतं तेव्हा त्याचा एखादा तुकडा दूरच राहतो, असं मला वाटतं. मॅडमचंही तेच झालं होतं.

आसामला जायच्या आदल्या दिवशी प्रिती आली. बुधवार होता. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. प्रितीने दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुम्हाला कधी सुटलं?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "काय?"

"काल सामान बांधताना लक्षात आलं. इतकी वर्षं तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, खरं असेल ना गं हे? त्या दिवाळीनंतर एकदाही विचारलं नाहीत. मी खोटं आहे म्हणाले तरी नाही. ज्याला उत्तर माहीत असतं तोच विचारायचा थांबतो."

खोटं बोलायची मॅडमना सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेच उत्तर झालं. प्रितीचे डोळे भरून आले. रागाने की मायेने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझ्यासाठी तुम्ही तुमचं पुसलंत."

"तुझं वेगळं निघालं. माझ्यापेक्षा चांगलं."

"ते मी ठरवीन." तिने माझ्या पट्टीवरचा पांढरा खडू उचलून त्यांच्या हातात दिला. "बोलू नका मॅडम. लिहा."

मॅडम उठल्या. पहिली ओळ आली, दुसरी आली. जाळं आलं, चार रंग आले. एकेक ठिपका पुसला जाऊ लागला. माझ्या अंगात जणू सगळं जागं झालं. पण निम्म्यावर त्यांचा हात थांबला. दीड वर्ष उलटलं होतं. कागद नव्हता, कुणाशी बोलणं नव्हतं, आणि वय कुणाला चुकलं आहे? पुढची पायरी त्यांना आठवेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला ती ओळ अक्षर न् अक्षर माहीत होती आणि मला सांगता येत नव्हती.

प्रितीला ती पायरी दिसली होती. तिची बोटं हिरव्या खडूकडे गेली, त्यावरून मी ओळखलं. पण तिने खडू उचलला नाही. ती मॅडमच्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि त्यांच्याबरोबर माझ्याकडे बघत राहिली. राधाबाई किटली घेऊन दारात आल्या, दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता मागे फिरल्या.

मित्रांनो, तो पडदा येईल तेव्हा खुशाल येऊ दे. मला उतरवायचं तेव्हा उतरवा, माझं सागवान कुठेतरी उपयोगी पडेल. पण चार वाजताचा चहा ठेवा, आणि 'माझं अडलंय' म्हणायला एक जागा ठेवा. तिथे कुणी अडून उभं राहिलं, तर त्याच्या हातातला खडू काढून घेऊ नका. त्याला एकटं टाकून जाऊही नका. त्याच्याजवळ उभे राहा, बस.

त्या दोघी तशाच उभ्या होत्या. जांभळाच्या झाडावर ऊन तिरपं झालं. मग मॅडमचा हात वर आला आणि खडू हलकेच माझ्यावर टेकला.